वैजूच्या अल्बममधलं शेवटचं गाणं

दुपारचे तीन वाजलेत. झोप पापण्यांपर्यंत येते आणि केतकी तिला परत पाठवते. शेजारी तीन महिन्यांची लेक झोपलीय, तिचा श्वास चालू आहे ना, हे कुणीतरी बघायला नको? उद्या बारसं. पाळणा सजलाय, घुगऱ्यांचे हरभरे भिजत पडलेत, नाव तेवढं नाही. नाव वैजूनं ठरवलं होतं. वैजू म्हणजे नणंद, त्याआधी कॉलेजातली रूममेट. "मी आत्या. नाव थेट बाळाच्या कानात सांगणार, तोवर तुलासुद्धा नाही," असं बजावून आठ महिन्यांपूर्वी ती तापाचं निमित्त होऊन गेली. नाव घेऊनच गेली.

टिन ग्रॅनरी हा परदेशी कंट्री रॉक बँड अख्ख्या सांगलीत आपल्या दोघींनाच माहीत आहे, असा दोघींचा समज होता. त्यांचा तो एकच लाडका अल्बम मोबाईलवर बारीक आवाजात लावून केतकी एक डोळा मिटते. दुसरा उघडाच आहे, असं तिला वाटतं.

"शफलवर लावलास? लाज नाही वाटत?"

वैजू पलंगाच्या कडेला बसलीय. पलंग हॉस्टेलच्या गच्चीवर आहे, दोरीवर वाळणाऱ्या ओढण्यांखाली.

"वैजू, नाव काय ठरवलं होतंस?"

"थांब गं, पहिलं गाणं लागलंय. माणूस फाटक लावायला जातो आणि गाणं संपेपर्यंत लावतच नाही. गिटारच्या तीन कॉर्डमध्ये अख्खं शेत उभं करतात लेकाचे!"

"उद्या बारसं आहे गं."

"माहितीय. बस मागे."

गच्ची नाही. दोन्हीकडे ऊस, मध्ये वैजूची स्कूटर, आणि पाय ठेवायच्या जागेत पाळणा. चौथं गाणं सुरू होतं. आडवी ठेवून वाजवतात ती स्टील गिटार एकच सूर ओढत राहते, ओढतच राहते.

"पहिल्यांदा ऐकलंस तेव्हा काय म्हणालीस? कुकरची शिट्टी लांबलीय! चार दिवस बोलले नव्हते तुझ्याशी."

"अगं, हळू! ती पडेल!"

"चौथ्या गाण्यात कुणी पडत नाही, वहिनीसाहेब."

हे खरं असावं, असं केतकीला वाटतं. का वाटतं, ते कळत नाही. ऊस पांढरा होत जातो, भिंतीसारखा गुळगुळीत. स्कूटर दवाखान्याच्या बोळात उभी आहे.

"मला इथं येऊ दिलं नाही गं," केतकी म्हणते. "पोटुशी म्हणून."

"बरं झालं. इथला स्पीकर अगदी भिकार होता."

शेवटचं गाणं. शब्द केव्हाच संपलेत, पण वाजवणाऱ्यांना थांबवत नाही. फिडल, म्हणजे त्यांचं व्हायोलिन, मग ड्रम, पुन्हा फिडल. वैजू पाळण्यावर वाकते. आत्या बाळाच्या कानात नाव सांगते तेव्हा बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे असतात. बोळात बायका नाहीत.

"तूच घाल मग! रीत म्हणजे रीत. कुर्रर्र..."

केतकी धपाटा घालते. पाठ चांगली भरीव लागते हाताला. गरम.

"जोरात! भावजय ना तू? असा चान्स पुन्हा मिळणार नाही!"

ती ड्रमच्या ठेक्यावर घालतच राहते. वैजूचे ओठ हलताना दिसतात, फिडल सगळं गिळून टाकते.

"मोठ्यानं सांग ना! वैजू!"

"तुला कुठं सांगतेय? तिला सांगतेय."

खोलीत ऊन आहे. मोबाईल गप्प झालाय. लेक जागी आहे, रडत नाही, टक लावून बघतेय. केतकीच्या उजव्या तळव्याला झिणझिण्या आल्यात. ती हात उजेडात धरते. तळवा लालबुंद झालाय, बोटांच्या टोकांपर्यंत. डावा नेहमीसारखाच फिकट.

ती लेकीवर वाकते. "काय म्हणाली गं?"

स्वयंपाकघरातून सासूबाईंचा आवाज येतो, "केतकी, ठरलं का गं नाव?"

"ठरलं, आई."

भांड्यांचा आवाज थांबतो. "काय ठरलं?"

केतकी तळव्याकडे बघते, मग लेकीकडे.

"ते हिला माहितीय," ती म्हणते. "मला अजून कळायचंय."