उंबराखालचे एकोणीस दगड

या सदरातले अनुभव मी बरेच महिने वाचते आहे, आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा मनात चुका काढत वाचते. मला या गोष्टी पटत नाहीत. आमचं घर बौद्ध. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हाच घरातला अंगारा, नवस, दृष्ट काढणं सगळं बंद झालं. बाबा अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर. कुठलीही वस्तू बिघडली की आधी उघडून बघायची, मग बोलायचं, ही त्यांची शिस्त. मी स्वतः केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. केलं. तेव्हा मी हे का लिहिते आहे, हा प्रश्न मलाही पडलाय... सहा वर्षं उघडून बघतेय, आत काही सापडत नाही, म्हणून असेल.

शाळा इंग्लिश मीडियमची, त्यामुळे मराठी लिहिताना अडखळले तर समजून घ्या.

एक्याण्णव साल. मी सेकंड इयरला होते, कॉलेज उल्हासनगरला. कॉलेजजवळच्या एका प्रेसमधून एक छोटं साप्ताहिक निघायचं. प्रेसचे मालक सिंधी, सगळे त्यांना वासूअंकल म्हणायचे. मला चारचौघांत बोलता येत नाही, पण लिहिता येतं, हे आमच्या मॅडमनी त्यांना सांगितलं आणि मला एक सदर मिळालं. ‘तासाभरावर’ असं त्याचं नाव. घरापासून तासाभरात पोचता येईल, पण कुणाला माहीत नाही अशी जागा किंवा असा अनुभव शोधून लिहायचा. मी पहिल्यांदा अंबरनाथच्या जुन्या शिवमंदिरावर लिहून नेलं. वासूअंकलनी कागद न वाचताच परत केला. म्हणाले, "बेटी, मंदिर तो मेरे को भी मालूम है. जो मेरे को नहीं मालूम वो ला." मग मी उल्हासनगरच्या जुन्या लष्करी बराकींच्या छपरांवर पापड वाळवणाऱ्या बायकांवर लिहिलं, ते त्यांना आवडलं. पण त्यानंतर मी अडकले. आपल्याच भागात नवीन काही शोधायचं म्हणजे लोकांना विचारावं लागतं, आणि तेच मला जमत नव्हतं.

अंबरनाथ पश्चिमेला आमच्या बिल्डिंगमध्ये बारकीमावशी भाजी घेऊन यायच्या. आगरी बाई, साठीच्या आसपास, आवाज खणखणीत. बदलापूरच्या पुढे उल्हास नदीच्या पलीकडे त्यांचं गाव. रोज पहाटे नदी ओलांडून हेंद्रेपाड्यात यायच्या, तिथून स्टेशन, मग आमच्याकडे. एकदा मी सहज विचारलं, नदीवर पूल तर किती लांब आहे, मग तुम्ही येता कशा? त्या म्हणाल्या, उतारावरून. पावसाळा सोडला तर त्यांच्या गावची माणसं एका ठरावीक ठिकाणी नदीतून चालत येतात. पाण्याखाली दगडांची ओळ आहे. आणि ती ओळ टिकावी म्हणून जो कोणी उतरेल त्याने काठावरचा एक दगड उचलून ओळीत जिथे खळगा लागेल तिथे टाकायचा. पिढ्यान्‌पिढ्या असंच. बाजाराला येणारी बाईसुद्धा पाटीत वर एक दगड ठेवून येते.

मला वाटलं, हेच ते. वासूअंकलना हे नक्कीच माहीत नसणार. मी मावशींना विचारलं, मला न्याल का? वाटलं होतं हसतील, टाळतील. त्या लगेच तयार झाल्या. इतक्या लगेच की मला तेव्हाच नवल वाटायला हवं होतं.

फेब्रुवारी संपत आला होता. मावशींची भाजी लवकर संपली आणि आम्ही दोघी बदलापूरला उतरून हेंद्रेपाड्यातून नदीकडे निघालो. तेव्हा तिथे बिल्डिंगा अगदी तुरळक. चार-पाच संपल्या की वालाची शेतं. वाटेत मावशींनी एकच नियम सांगितला. वर डोंगराकडे वीज तयार करून सोडलेलं पाणी रोज नदीत येतं, त्यामुळे दुपारी दोनच्या पुढे नदी चढते. त्याआधी पलीकडे. गावातल्या लहान मुलालाही हे ठाऊक असतं, त्याचं कुणाला काही वाटत नाही.

काठावर पोचलो तेव्हा पाणी घोट्याएवढं, स्वच्छ, आणि दगडांची ओळ चक्क दिसत होती. मी वही काढली. ओळीचं चित्र काढलं, दगड मोजायचा प्रयत्न केला, पलीकडे ओळ कुठे निघते ते लिहिलं. ती गावच्या धुण्याच्या जागेवर निघत होती. मावशी बसून होत्या. त्यांनी दोनदा विचारलं, किती वाजले गो? मी घड्याळ भिजू नये म्हणून काढून पर्सच्या तळाशी ठेवलं होतं. पुन्हा शोधायचा कंटाळा केला आणि अंदाजाने म्हणाले, "दीड झाला असेल."

हे मी मुद्दाम लिहिते आहे. पुढे जे झालं त्यात न समजण्यासारखं बरंच आहे, पण चूक कुणाची, हे अगदी स्पष्ट आहे.

उतरताना मावशी म्हणाल्या, पाहुण्याने पुढे चालायचं, आमच्याकडे तशी रीत आहे. त्यांनी रिकामी पाटी डोक्यावर घेतली, आमच्या चपला तिच्यात टाकल्या आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला उगाच मोठं झाल्यासारखं वाटलं.

जेमतेम अर्ध्यावर गेलो असू. पाणी पोटरीला लागायला लागलं. मग गुडघ्याला. आवाज काही नाही, फक्त पाण्याचा रंग बदलला, चहासारखा झाला, आणि पायाखालची ओळ दिसेनाशी झाली. मी थांबले. मागचा काठ आता पुढच्याइतकाच लांब होता. मी एक पाऊल चुकीचं टाकलं आणि मांडीपर्यंत आत गेले. मावशींनी मला खांद्याला धरून वर ओढलं.

मी विचारलं, "मावशी, आता कुठे? उजवीकडे की डावीकडे?"

"तुना दिसत नाय?"

"नाही. पाणी गढूळ झालंय. तुम्ही सांगा ना."

माझ्या खांद्यावरची त्यांची बोटं घट्ट झाली. मग एकदम हळू आवाजात म्हणाल्या, "पोरी, मना कायच दिसत नाय. दोन वरसं झाली. उजेड दिसतो तेवराच. मी तुज्या डोल्यांवर चाललेय."

तेव्हा मला कळलं, की पाहुण्याने पुढे चालायची रीत वगैरे काही नव्हती. रोज त्या कुणाच्या ना कुणाच्या तरी मागे चालत होत्या.

मी पाय पुढे केला आणि चाचपायला लागले. डावीकडे थंड वाळू, घसरणारी. समोरही तेच. उजवीकडे थोडं खाली... एक दगड. आणि तो गरम होता.

गरम म्हणजे चटका बसेल असा नाही. एखाद्या खुर्चीवरून कुणी नुकतंच उठून गेलेलं असावं आणि आपण बसावं, तसा. भोवतीचं पाणी थंडगार होतं, माझे दात वाजत होते, त्यामुळे फरक लगेच कळत होता. मी दुसरा पाय चाचपला. थंड, थंड, थंड — मग पुन्हा एक गरम. मी त्यावर उभी राहिले. मावशी माझ्या मागे. मला आधी भीती वाटली नाही, हे कबूल करते. मला उत्सुकता वाटली. पुढचाही असाच असेल का? होता. त्याच्या पुढचाही. मी मोजायला लागले, कारण मोजताना माझं डोकं शांत राहतं. पाणी कमरेपर्यंत आलं होतं, पण त्याच्या वर चढलं नाही. एकोणीस दगड झाले आणि विसाव्या पावलाला चिखल लागला, गवत लागलं. आम्ही एका मोठ्या उंबराखाली बाहेर आलो.

मावशी बराच वेळ खोकत बसल्या. डोक्यावरची पाटी शाबूत, चपलासुद्धा. मी विचारलं, दगड गरम लागले का? त्या म्हणाल्या, "नदीत गरम कशे असतील? थंड होते. पन होते, ते मिलाले, झालं." मग माझा हात धरून त्यांनी मला शपथच घातली. घरी डोळ्यांचं कळू द्यायचं नाही. "मना घरात बसवतील गो. खायाला देतील, नाय असं नाय. पन गोठ्यातल्या म्हशीला पन देतातच ना. बाजार हाय तवर मी मानूस हाय."

मी हो म्हणाले. गप्प राहणं मला कधीच अवघड गेलेलं नाही.

संध्याकाळी त्यांच्या मुलाने, जनार्दनदादाने, मला लूनावरून पुलाच्या रस्त्याने स्टेशनला सोडलं. वाटभर मावशींच्या डोळ्यांचं माझ्या ओठांवर आलं होतं... मी गिळलं.

पण दगडांचं काही केल्या डोक्यातून जाईना. घरी बाबांना फक्त तेवढंच सांगितलं. त्यांनी रीतसर शक्यता काढल्या. वरून गरम पाणी येत असेल. मग सगळं पाणी गरम लागायला हवं. पाय बधिर झाले की गरमचा भास होतो. मग वाळू गरम का लागली नाही? शेवटी म्हणाले, जा, मोजून ये. पुढच्या रविवारी मी लॅबमधला थर्मामीटर मागून घेतला आणि सकाळी, नदी उतरलेली असताना, एकटी गेले.

ओळीतल्या प्रत्येक दगडाजवळ थर्मामीटर धरला. सगळीकडे तापमान सारखंच. मी ओळीवरून पलीकडे निघाले ती धुण्याच्या जागेवर, वहीत काढलं होतं तिथेच. मग मी उंबर शोधला. तो तिथे नव्हताच. धुण्याच्या जागेपासून खाली, मी चालून मोजलं, दीडशेच्या वर पावलं. उंबर तोच होता. मुळाशी मावशींनी माझी ओढणी पिळल्याची खूण काय राहणार, पण चिखलात आमच्या दोघींच्या अनवाणी पायांचे ठसे वाळून बसले होते. पाण्यातून वर आलेले. आणि त्याच्यासमोर पाणी हिरवंकाळं, हलतही नव्हतं.

जनार्दनदादा तिथेच जाळं धूत होता. मी विचारलं, इथे दगड कुठून लागतात? तो हसला. म्हणाला, "इथं? हा डोह हाय. म्हशी पन नाय उतरत." मला पटेना, म्हणून त्याने लांब बांबू आणून बुडवला. बांबू पूर्ण गेला, त्याचा हात कोपरापर्यंत भिजला, तळ लागला नाही. त्याने तीन-चार ठिकाणी बुडवून दाखवला. मग ठशांकडे बघून विचारलं, हे कुणाचे?

माझ्यासमोर दोनच रस्ते होते. काहीतरी थाप मारायची, आणि मावशी उद्याही कुणाच्या तरी मागे, कुणालाही न सांगता नदीत उतरणार. किंवा खरं बोलायचं. पुढचा माणूस दर वेळी एकोणीस दगड शोधेल याची काहीच खात्री नव्हती. मी सगळं सांगितलं. डोळ्यांचंही. तो ऐकता ऐकता खाली बसला.

मावशी आमच्याकडे यायच्या बंद झाल्या. त्यांनी निरोप पाठवला तो एवढाच, की त्या पोरीला सांगा, तिच्या दारात मी पाय ठेवणार नाही. मला ते लागलं, पण मी ते मानून घेतलं होतं. वासूअंकलना मी उताराचा लेख दिला नाही. त्याऐवजी शेतात मडक्यात वालाच्या शेंगा भाजतात त्या पोपटीवर लिहिलं. ते खूश झाले.

मे महिन्यात दार वाजलं. मावशी. जाड भिंगाचा चष्मा, एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं पावसाळ्यानंतर करायचं होतं. माझ्याकडे खालून वर बघितलं आणि म्हणाल्या, "आवाजावरनं मना वाटला होता, जरा उंच असशील." मग म्हणाल्या, चल, मला ती जागा दाखव. मुलाने त्यांना बांबूचं सांगितलं होतं. त्यांचा विश्वास बसत नव्हता.

आम्ही पुलावरून गेलो. मी त्यांना उंबराखाली उभं केलं. त्या वाकून डोहाकडे बघायला लागल्या. मी विचारलं, तुमच्या पायांना दगड लागले होते ना? की मीच...

"लागले होते," त्या म्हणाल्या. "तुज्या मागं मी एकेक पाऊल टाकलाय. माजं पाय खोटं नाय बोलत."

मग हा डोह? एकोणीस दगडांत दीडशे पावलं कशी झाली? आणि दगड गरम फक्त मलाच का लागले?

त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा घातला, पाण्याकडे पाहिलं. "ते मना नाय ठावं," म्हणाल्या. "पन त्या दिवशी मना दिसत असता, तं हितं मी पाऊल टाकला असता का?"

बाबांना मी हे जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी नेहमीप्रमाणे विचार केला आणि म्हणाले, कारण सापडलं नाही याचा अर्थ भूत होतं असा नाही; कारण सापडलं नाही, एवढाच. मलाही तेच पटतं. वही अजून माझ्याकडे आहे. त्यात उताराची ओळ आहे, उंबर आहे, दोन्हींमधलं अंतर आहे आणि त्या अंतरावर एक प्रश्नचिन्ह आहे. ते मला अजून खोडता आलेलं नाही.