नकाशात आत्या नव्हती

तिला सगळे टेपबाई म्हणत. एक वेळ पर्समध्ये कंगवा नसेल, पण पाच मीटरची टेप असायचीच. जुन्या घराची आतली मांडणी बदलायची असली, की कुठली भिंत पाडायची, कपाटं कुठे करायची, कुठलं सामान कशात जायचं, हे ठरवून नकाशा काढून देणं हा तिचा धंदा. आधी ती एका ठेकेदाराच्या ऑफिसात नकाशे काढायची. सात वर्षं मान मोडून काम केल्यावर ठेकेदार एकदा म्हणाला, "बाई, तुमची रेघ सरळ, पण जीभ तिरकी." त्याच दिवशी तिने नोकरी सोडली. त्यालाही बावीस वर्षं झाली.

या बावीस वर्षांत तिला लोकांच्या सामानाची शिसारी बसली होती. घराघरांत तेच. माळ्यावर फुटक्या बादल्या, झाकण नसलेले डबे, डबे नसलेली झाकणं. आणि मालकाचं रडगाणं एकच, "मॅडम, जागाच पुरत नाही हो!" म्हणून तिचा नियम होता. आधी सगळी कपाटं, सगळे माळे रिकामे करून सामान जमिनीवर मांडायचं. ते बघितल्याशिवाय ती कागदावर रेघ ओढत नसे.

औषधांच्या एका घाऊक व्यापाऱ्याच्या घरीही तिने तेच सांगितलं. घर चार खोल्यांचं, शिवाय मागच्या बाजूला अडगळीची एक खोली. राहणारे व्यापारी, त्याची बायको आणि कॉलेजात जाणाऱ्या दोन मुली. व्यापाऱ्याने चार पानांची यादीच हातात दिली. चपलांचं कपाट, पर्सचं कपाट, पाहुण्यांच्या काचसामानाचं कपाट, व्यायामाच्या मशीनसाठी कोपरा. अडगळीच्या खोलीत जमिनीपासून छतापर्यंत फळ्या.

दोन दिवस सामान बाहेर निघत होतं. सहा गाद्या निघाल्या, त्यातल्या दोन उंदरांनी पोखरलेल्या. मुदत संपलेल्या औषधांची खोकी निघाली, पाझरून एकमेकांना चिकटलेली. कधी न उघडलेले तीन मिक्सर. एका डब्यात काहीतरी काळं, केसाळ, पूर्वी खाण्याचं असावं. टेपबाई नाकाला पदर लावून खिडकी उघडायला गेली, तर तिथे खिडकीच नव्हती. अडगळीच्या खोलीतली ती एकुलती खिडकी कपाट लावून कधीच बंद केलेली.

हा सगळा पसारा एक म्हातारी बाई मुकाट्याने झाडत होती. उंच, किडकिडीत, पाठीत वाकलेली. टेपबाईला आधी ती कामवाली वाटली.

"या कोण?"

"आमची आत्या," व्यापारी म्हणाला. "बाबांची धाकटी बहीण. लहानपणापासून आम्हाला तिनेच सांभाळलं."

टेपबाईने यादीची चारही पानं उलटीपालटी केली. "यांचं नाव नाही कुठे. या झोपतात कुठे?"

"स्वयंपाकघरात. तिला तिथेच बरं वाटतं. आणि तिचं सामान असं काही नाहीच हो."

टेपबाई स्वयंपाकघरात गेली. फ्रीजच्या मागे एक गादी गुंडाळून उभी केलेली. ओट्याखाली, सिलिंडरच्या शेजारी, बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा. दोन लुगडी दोरीवर. संपलं. तिने फ्रीजपासून ओट्यापर्यंत टेप धरली. चार फूट दहा इंच.

"आत्याबाई, तुमची उंची किती?"

"कोण मोजतंय बाई." म्हातारी ओशाळून हसली. "मी पाय पोटाशी घेते. आता सवय झाली."

टेपबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. उंदरांनी खाल्लेल्या गाद्यांना खोली, आणि ज्या बाईने यांचे शेंबूड पुसले तिला पाय पसरायला जागा नाही! आणि हे सांगताना व्यापाऱ्याच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नव्हती. केसाळ डबा परवडला, तो निदान झाकलेला होता.

घरी जाऊन तिने नकाशा काढला. अडगळीची खोली नऊ बाय आठची. तिथलं कपाट काढून खिडकी मोकळी केली. भिंतीला लागून साडेसहा फुटांचा पक्का पलंग, खाली दोन कप्पे, दाराला आतून कडी. बाजूला ठसठशीत अक्षरांत लिहिलं, 'आत्याबाई'.

व्यापाऱ्याने नकाशा पाहिला आणि त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. "इथे तर फळ्या सांगितल्या होत्या."

"ही भिंत फळ्यांचा भार घ्यायची नाही," टेपबाई म्हणाली.

ही शुद्ध थाप होती. त्या भिंतीवर हत्ती टांगला असता तरी ती हलली नसती. कामात ती आयुष्यात कधी खोटं बोलली नव्हती, पण आज जीभ अडखळली नाही.

"मग माळा तरी?"

"माळा तर नकोच. अंगावर येईल एखाद्या दिवशी."

बायकोने नाक मुरडलं. "आणि एवढं सामान कुठे जाणार?"

"कचऱ्यात."

तीन टेम्पो भरून कचरा गेला. पहिला टेम्पो निघाला तेव्हा बायको दारात उभी राहून अशी मुसमुसत होती, की गल्लीतले लोक कोण गेलं म्हणून विचारायला आले. टेपबाईला हसू आलं नाही. तिने दुसरा टेम्पो पुढे घ्यायला सांगितला.

दोन महिन्यांत काम झालं. आत्याबाई पलंगावर अंग चोरून बसल्या, मग हळूच आडव्या झाल्या. पाय सरळ करताना गुडघे कुरकुरले. "लांब आहे गं बराच," एवढंच म्हणाल्या.

सहा महिन्यांनी चपलांच्या कपाटाचं दार अडकतंय म्हणून बोलावणं आलं. घरात आत्याबाई एकट्याच होत्या. टेपबाई आधी मागच्या खोलीत डोकावली आणि दारातच थांबली. पलंगाच्या अर्ध्या भागावर ती व्यायामाची मशीन, आडवी घातलेली. खिडकीपाशी नवी खोकी, त्यांवर चौथा मिक्सर. उरलेल्या पलंगावर आत्याबाईंचं अंथरूण, तीन-साडेतीन फुटांचं.

"तुम्ही काही बोलला नाहीत?"

"थोडे दिवस ठेवतो म्हणाला. त्याला नाही कसं म्हणू?"

टेपबाईला सगळ्यांचीच किळस आली. व्यापाऱ्याची, त्याच्या बायकोची, शिकलेल्या त्या दोन मुलींची, आणि क्षणभर या हसतमुख सोशिकपणाचीही. तिने पदर खोचला.

"धरा त्या बाजूने."

"अगं, तो ओरडेल."

"ओरडू दे. माझं नाव सांगा."

दोघींनी मशीन फरफटत हॉलमध्ये नेली. नव्या फरशीवर लांबलचक ओरखडा उठला. मशीन सोफ्याच्या ऐन समोर सोडून टेपबाई निघाली. चपलांच्या कपाटाला तिने हातही लावला नाही. संध्याकाळी व्यापाऱ्याचे सात फोन आले. तिने एकही घेतला नाही.

पुढे त्या घराला रंग दिलेल्या रंगाऱ्याकडून कळलं, की मशीन अजून हॉलमध्येच आहे. हलवायचे कष्ट कोणी घेतले नाहीत. आता तिच्यावर ओले टॉवेल वाळत घालतात, आणि आल्यागेल्याला सांगतात, नकाशाच चुकला, घरात जागाच उरली नाही. आत्याबाई मागच्या खोलीत झोपतात. खोकी अजून तिथेच आहेत.

ऐकून टेपबाईने तोंड कडू झाल्यासारखं केलं आणि रंगाऱ्याला म्हणाली, "चार खोल्या कमीच पडतात हो अशा लोकांना."