अर्धी टाकी

वनिता कोणत्याही काचेला पाणी लावण्याआधी ते जिभेवर घ्यायची. नळाचं असो, बोअरचं असो, की मॅनेजरने कौतुकाने पुढे केलेल्या बाटलीतलं. एक घोट तोंडात धरायचा, डोळे बारीक करायचे आणि निकाल द्यायचा. "खारं हाय. वायलं का काचीवर ढग उमटतीन." अमरावतीच्या एका दवाखान्यात डॉक्टरांनी चहा दिला, तर चहाच्याच घोटावर ती म्हणाली, "डाक्टरसायब, तुमच्या बोअरचं पानी पेशंटाइले नका देजा." डॉक्टर हसले. मी हसले नाही, कारण कंत्राटावर सही व्हायची बाकी होती.

आम्ही दोघी काचा धुण्याचा व्यवसाय करायचो. शोरूम, दवाखाने, कोचिंग क्लासेस. अकोल्यात आणि अमरावतीत जिथे जिथे इमारतीला काचेचं तोंड लावलेलं असतं तिथे. आधी आम्ही एकाच दवाखान्यात होतो, मी हाउसकीपिंगची सुपरवायझर, ती माझ्या हाताखाली. "ताई, लोकाइच्या काचा लोकाइसाठी किती दिवस पुसाच्या?" असं म्हणत म्हणत तिनेच मला नोकरी सोडायला लावली. वेळापत्रक, याद्या आणि वसुली माझ्याकडे आली. गाडी, माणसं आणि बोलणं तिच्याकडे. गाडी ती सासरच्या ट्रॅक्टरवर शिकली होती आणि हायवेवरही ट्रॅक्टरवर बसल्यासारखी ताठ बसायची.

जीभ तिला माहेराने दिली होती. माहेर बार्शीटाकळीकडचं, गोड्या विहिरीचं. सासर मूर्तिजापूरच्या अलीकडे, खारपाणपट्ट्यात, जिथे जमीन सोन्यासारखी काळी आणि तिच्या पोटातलं पाणी मिठाचं. ती सांगायची, "लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सासूनं पानी देल्लं. मले वाटलं, नव्या सुनंची मस्करी करून राहिली. दुसऱ्या गिलासात बी तेच. तवा समजलं, हे मस्करी जलमभराची हाय." पुढे मुलांच्या शाळेसाठी ती अकोल्याला राहायला आली, पण नवरा आणि सासू गावातच राहिले. ती मात्र आठवड्यातून दोनदा गावी जायची ती कॅन घेऊन.

पाण्याची टाकी असलेली गाडी घ्यायची वेळ आमच्यावर पहिल्याच मोठ्या कामाने आणली. अमरावतीच्या एका सराफाच्या दुकानाची तीन मजली काच आम्ही त्याच्याच बोअरच्या पाण्याने धुतली. ऊन चढलं, काच वाळली आणि सगळ्या दर्शनी भागावर पांढरे ओघळ उमटले. सराफ रस्ता ओलांडून पलीकडे गेला, तिथून पाहून आला आणि म्हणाला, "ताई, तुम्ही धुतलं की चुना मारला?" वनिता म्हणाली, "म्या सांगतलं होतं." तिने खरंच सांगितलं होतं. त्या दिवशी ठरलं की पाणी आपलं न्यायचं. अकोल्याच्या शेडमध्ये फिल्टर बसवला. आता ते पाणी तिथून अमरावतीला न्यायला गाडी हवी होती.

बडनेरा रोडच्या एका विक्रेत्याकडे आम्ही गाड्या पाहायला गेलो. माझी यादी तयार होती. एक लिटर म्हणजे एक किलो. हजार लिटरची टाकी म्हणजे एक टन, वर पंप, पाइप, लांब दांडे आणि माणसं. कागदावर गाडीला जेवढं वजन मंजूर त्यात हे सगळं बसलं पाहिजे. विक्रेता म्हणाला, "मॅडम, लोक याच्यात दीड-दीड टन टाकतात." मी म्हटलं, "लोक टाकतात ते राहू द्या. पासिंग किती आहे ते दाखवा." तोवर वनिता प्रत्येक गाडीचं मागचं दार उघडून जमिनीपासूनची उंची हाताने मोजत होती. एका उंच गाडीपाशी ती थांबली. "हे नाही चालनार. हिच्यापाशी म्हाताऱ्या बाईचा हात नाही पोचनार."

"आपल्या कामात म्हातारी बाई कुठून आली?" मी विचारलं.

"येईन ना एखादी," ती म्हणाली.

शेवटी बुटक्या तळाची बंद गाडी घेतली. हजारऐवजी सहाशे लिटरची टाकी, उभी नाही, आडवी. वजन जितकं खाली तितकं बरं. टाकी पट्ट्यांनी आवळायची नाही, लोखंडी चौकटीत बसवून ती चौकट गाडीच्या सांगाड्याला बोल्टने जखडायची. सीटच्या मागे जाड पत्र्याची भिंत. आणि टाकीच्या आत आडवे पडदे, म्हणजे भोकं असलेले पत्रे, ब्रेक लागला की पाणी एकदम पुढे धावू नये म्हणून. हे सगळं होताना वनिता फॅब्रिकेटरच्या दुकानात शेंगदाणे खात बसली होती. "ताई, नवरीवानी बांधली तुमी टाकी. आता काई पयून जात नाही ते."

पडद्यांचं कारण तिला समजावून सांगावं लागलं नाही. "मले काय सांगता? भरली घागर डोक्शावर गप बसते. अर्धी घागर धक्के देते, मान मोडते. दोन कोसावरून पानी आनलं म्या." मी तिचं वाक्य तिथल्या तिथे नियम करून टाकलं. टाकी एक तर भरलेली न्यायची, नाही तर रिकामी आणायची. अमरावतीचं काम संपलं की उरलेलं पाणी सोडून द्यायचं आणि मगच हायवेला लागायचं.

हा नियम तिने किती दिवस पाळला ते मला माहीत नाही. उरलेलं पाणी सोडायचं म्हणजे शोरूमच्या मागच्या गटारात. मी एकदा तिला तिथे उभी पाहिली होती. व्हॉल्व्ह उघडलेला, पाणी काळ्या गटारात जातंय, आणि ती मान फिरवून भिंतीकडे पाहतेय. "ताई, हे गोडं पानी हाय," ती म्हणाली. "तुमाले नाही समजनार. तुमच्या नळाले येते."

तिच्या गावाचा फाटा हायवेवरच आहे. परतीच्या वाटेवर तिथे एक म्हातारी एसटीची वाट पाहत बसलेली असायची, गुंफाबाई. मुतखड्याने बेजार. वनिताने तिला एक कॅन भरून दिला. नंतर गुंफाबाई एसटीसाठी बसेना, गाडीसाठी बसू लागली. मग तिच्या शेजारणी. पंपाच्या पाइपने कॅन भरताना सांडतं म्हणून वनिताने टाकीला एक तोटी बसवून घेतली, म्हातारीच्या हाताला येईल अशी. तोटी मला दिसली. मी बोलले. ती म्हणाली, "काचा धुवाले पानी कमी पडलं काय कवा?" कधीच पडलं नव्हतं. तीच तर अडचण होती.

एका सकाळी तिने शेडमध्ये येऊन स्वतःच सांगितलं, "पडदे काढले टाकीतले." मला वाटलं गंमत करतेय. झाकण उघडून बॅटरी मारली. आत नुसती स्वच्छ, मोकळी टाकी.

"का काढले?"

"मांगं शेवाळ धरत होतं. हात जात नाही, बिरूस जात नाही. काचीले चालते ते. मानसाइले पाजाचं त टाकी आतून घासता आली पायजे का नाही? पोरं पेतेत त्यातलं."

तिचं बरोबर होतं. प्यायच्या पाण्याची टाकी हात घालून घासता आलीच पाहिजे. पण मी ती गाडी प्यायच्या पाण्यासाठी बनवली नव्हती. त्या दिवशी आम्ही माणसांसमोर भांडलो. मी म्हटलं, पडदे परत बसव, नाही तर फाट्यावर थांबणं बंद कर. ती म्हणाली, "तुमाले यादी पायजे ताई, मानूस नाही पायजे." मी म्हटलं, यादी माणसासाठीच असते. संध्याकाळी तिचा राग उतरला. गळ्याला हात लावून शपथ घेतली, की पडदे बसवेपर्यंत परतीला टाकी रिकामीच आणेन. फॅब्रिकेटर लग्नसराईत मांडवाच्या कामात अडकला होता. पुढच्या आठवड्यात या, म्हणाला.

पुढचा आठवडा यायच्या आत ती गेली. मूर्तिजापूर सोडल्यावर, फाटा थोडा पुढे राहिला असताना, तुरीच्या शेतातून एक रोही, नीलगायीचा दांडगा नर, थेट रस्त्यावर आला. परतीला गाडीत ती एकटीच होती. तिने ब्रेक दाबला आणि गाडी वळवली. गाडी वळली, पाणी वळलं नाही. गाडी आडवी होऊन रस्त्याच्या कडेच्या चरात गेली.

मी पोचले तेव्हा क्रेन लागली होती. मी सवयीने पाहत गेले. चौकट जागेवर. बोल्ट एकही ढिला नाही. पत्र्याची भिंत सरळ. माझ्या यादीतलं सगळं टिकलं होतं. गाडी सरळ करताना टाकीच्या आतून पाणी एका बाजूहून दुसऱ्या बाजूला गेलं, त्याचा आवाज जमलेल्या सगळ्यांनी ऐकला. अर्धी होती. काम लवकर आटपलं होतं, दिवस उन्हाचा होता, आणि तिला गटारापाशी उभं राहवलं नव्हतं.

तेरवीला सगळं गाव होतं. वनिता किती पुण्यवान होती हे मला ज्याने त्याने सांगितलं. मी ऐकून घेतलं. अपघाताच्या संध्याकाळी त्या पुण्याचं वजन तीनशे किलो होतं आणि ते तिच्या पाठीमागे मोकळं होतं, हे मी कुणाला सांगितलं नाही. पंगत उठल्यावर एकाने मला बाजूला घेऊन विचारलं, "गाडी कवा चालू होईन मंग?"

गुंफाबाई मात्र माझ्याजवळ येऊन बसली. मी तिला विचारलं, कारण मला कुणाला तरी विचारायचंच होतं. "टाकी अर्धी असली की धोका असतो, हे तिने तुम्हाला कधी सांगितलं नाही?"

"नाही वं माय. म्हने, रोज उरते, फेकूनच देतो. तुमी नाही घेतलं त मले फेकावं लागते." मग म्हणाली, "मले ठावं असतं त मी बसलीच नसती तिथं."

माझा सगळा राग मी या गावासाठी राखून ठेवला होता. तो ठेवायला वनिताने जागाच सोडली नव्हती. घेणाऱ्याला जड वाटू नये म्हणून ती खोटं बोलली होती. तशी ती कधीच खोटं बोलत नसे. डॉक्टरांच्या चहालासुद्धा बोलली नव्हती. मला दिलेली शपथ तिने किती सहज मोडली, आणि त्यांच्यासाठी किती जपून बोलली, याचा हिशेब मी अजून करते. तो माझ्या बाजूने कधीच लागत नाही.

आता नवी गाडी आहे, नवा ड्रायव्हर आहे. टाकीत पडदे आहेत, तोटी नाही. सकाळी आम्ही फाट्यावरून जातो तेव्हा टाकी गच्च भरलेली असते, म्हणून देता येत नाही. संध्याकाळी परत येतो तेव्हा रिकामी असते, म्हणून देता येत नाही. उरलेलं पाणी मी स्वतः उभी राहून गटारात सोडते, शेवटचा थेंब जाईपर्यंत. व्यवस्था चोख आहे. फाट्यावर अजूनही कुणी ना कुणी बसलेलं असतं. पहिले काही दिवस गाडी दिसली की ते उठायचे. आता उठत नाहीत.