देवानंदचा पगार आणि अध्यक्षांची भिंगरी

अंबड तालुक्यातल्या कौठवाडीत हायस्कूल निघालं तेव्हा गावभर पेढे वाटले होते. शाळा विनाअनुदानित. म्हणजे सरकारचा पैसा नाही. संस्था देईल तो पगार, आणि देईल तेव्हा. 'आज ना उद्या अनुदान येईल' या एका आशेवर आठ मास्तर आणि एक शिपाई वर्षानुवर्षं तग धरून होते. त्यातला शिपाई म्हणजे देवानंद. उंच, काटकुळा आणि सदा हसरा माणूस. त्याची घंटा इतकी खणखणीत, की शिवारात निंदणाऱ्या बायका मधल्या सुट्टीच्या ठोक्यावर भाकरी सोडायच्या.

शाळेच्या शिपायाला कामं ठरलेली असतात. झाडायचं, पाणी भरायचं, घंटा द्यायची, तालुक्याला टपाल न्यायचं. देवानंदला त्यावर आणखी एक काम होतं आणि ते कुठल्याच नियमात बसत नव्हतं. रोज सकाळ-संध्याकाळ तो संस्थेचे अध्यक्ष पुंजाराम पाटील यांच्या म्हशीची धार काढायचा.

याला जबाबदार म्हैसच. भिंगरी तिचं नाव, आणि स्वभावही तसाच. कुणी खाली बसलं की गरकन फिरायची, लाथ झाडायची, नाहीतर सरळ पान्हा चोरायची. एकदा देवानंद सही घ्यायला अध्यक्षांकडे गेला, तेव्हा सालगडी नुकताच लाथ खाऊन भिंतीशी बसला होता. भिंगरीनं देवानंदचा हात चाटला. तो गमतीनं खाली बसला, आणि बघता बघता बादली भरली. अध्यक्षांच्या पत्नी द्वारकाबाई यांनी आधी नाक मुरडलं. देवानंद बौद्धवाड्यातला, त्याच्या हातचं दूध घरात कसं घ्यायचं? पण भिंगरीला दुसरं कोणी चालेना आणि चहावाचून द्वारकाबाईंचं डोकं ठणकायला लागलं. मग दूध उकळलं की काही राहत नाही, असा शोध त्यांनी स्वतःच लावला. म्हशीला जात कळत नव्हती ही तिची मोठीच चूक, पण ती द्वारकाबाईंच्या पथ्यावर पडली. देवानंद मात्र तेव्हापासून अडकला तो अडकलाच. या कामाचे पैसे मागायचा प्रश्नच नव्हता. अनुदान यायचं होतं ना.

चौऱ्याण्णव सालच्या जानेवारीत हेडमास्तर मच्छिंद्र सरांनी सगळ्यांना बोलावलं आणि खाली बघत सांगितलं, "इमारतीचा स्लॅब टाकायचाय. तोवर सगळ्यांच्या पगारात रुपयामागं चार आणे कमी." मास्तरांनी एकमेकांकडे पाहिलं. एकजण म्हणाला, स्लॅब तर आपल्याच शाळेचा आहे. तो बिचारा गणिताचा मास्तर होता, तरी असं म्हणाला.

संध्याकाळी देवानंदनं घरी ही बातमी सांगितली. बायको बेबीनंदा चुलीपुढे भाकऱ्या थापत होती. ती हात न थांबवता म्हणाली, "त्यांनी रुपयातले चार आणे कापले. तुमी बी चार आण्याचं काम कापा."

ती थट्टेनं बोलली होती. पण देवानंद हा माणूस थट्टा मनावर घेणारा. दुसऱ्या दिवशी तो शाळेत गेला तो चार आण्याचं काम शोधतच. आधी ठरवलं, झाडणं कमी करायचं. त्यानं सातवीचा वर्ग तसाच सोडला. प्रार्थनेनंतर पोरी आत गेल्या आणि धुळीतच बसल्या; त्यात त्याची मुलगी सत्यशीलाही होती. तिनं ओढणीनं फरशी पुसली. देवानंदनं झाडू उचलला आणि स्वतःलाच शिव्या घालत वर्ग झाडला. पाणी कमी भरावं, तर दुपारी पोरं माठाशी रांग लावायची. घंटा कमी द्यावी, तर ती त्याच्या जिवाची हौस. दोन दिवस तो शाळाभर फिरला. टाकून देण्यासारखं काम काही सापडेना.

रात्री जेवताना देवानंद हे सांगत होता, आणि त्याचा बाप भिवा बाजेवर बसून ऐकत होता. म्हातारा कमी बोलायचा, पण बोलला की दिवसभर कानात राहायचा. त्यानं विचारलं, "देवा, तुही नोकरी शाळेची हाय का म्हशीची?"

"शाळेची."

"मंग म्हशीचं कोन कापीन? आमी धम्म घेतला तवा मेलेली जनावरं वढायचं सोडलं. गावानं लई तरास देल्ता, तरी सोडलं. अन् तू जिती धरून राह्यला. ते बी फुकट."

बापाचं बराबर होतं. पण अध्यक्षांची मर्जी गेली तर अनुदान येईल तेव्हा शिपायाच्या जागेवर त्यांच्या साडूचा पोरगा बसणार, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. इतक्या वर्षांची कमी पगाराची चाकरी मातीत जायची. बेबीनंदानं त्याच्याकडे पाहिलं. आता ती थट्टा करत नव्हती. म्हणाली, "गेली तर गेली. मी हाय, माझे हात हायेत. बापापुढं मान वर करून जेवा."

दुसऱ्या दिवशी सकाळी देवानंद गोठ्याकडे वळला नाही, सरळ शाळेत गेला. घंटा देताना दोन ठोके जास्तच पडले. आणि का कुणास ठाऊक, त्या जास्तीच्या ठोक्यांनी त्याला एकदम हलकं वाटलं.

इकडे भिंगरीनं गोठा डोक्यावर घेतला. सालगड्यानं एकदा हात लावला आणि बादलीसकट उकिरड्यावर जाऊन पडला. द्वारकाबाई स्वतः बसल्या, लाडीगोडी केली, पेंड चारली. भिंगरीनं पेंड सगळी खाल्ली आणि दूध पळीभर दिलं. गावात आणखी कुणाकडून दूध मागवावं, तर अध्यक्षांच्या दारात दुभती म्हैस असताना मागवायचं कोणत्या तोंडानं? जालन्याहून आलेल्या पुढाऱ्यांना कोरा चहा मिळाला. ते तो अर्धा टाकून उठले.

पुंजाराम पाटलांनी मच्छिंद्र सरांना बोलावलं. "त्या देवानंदला नोटीस द्या."

सर म्हणाले, "देतो. कारण काय लिहू?"

"लिहा, काम करत न्हाई."

"शाळेतलं तर सगळं करतो, साहेब. उलट जास्तच करून राह्यला. म्हशीची धार काढत नाही असं लिहिलं, तर अनुदानाआधी चौकशी येईल."

अध्यक्षांनी मिशीवरून हात फिरवला. मग त्यांनी देवानंदलाच बोलावलं. देवानंद ओट्याखाली उभा राहिला. तिथूनच म्हणाला, "साहेब, तुमी पगार कापला, मी काम कापलं. शाळेतलं कापून पाह्यलं, पोरांचं नुकसान होऊन राह्यलं. मंग तुमच्या घरचं कापलं."

अध्यक्ष तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटले आणि आत निघून गेले.

चहावाचून डोकं मात्र द्वारकाबाईंचं ठणकत होतं. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर त्या पदर सावरत बौद्धवाड्यात आल्या. या वस्तीत त्या आजवर मतं मागायलाच आल्या होत्या, आणि तेव्हाही उभ्या उभ्या. बेबीनंदानं सतरंजी टाकली आणि विचारलं, "चहा ठेवू का, बाई? आमच्या शेळीचं दूध हाय."

द्वारकाबाईंनी एकदा दाराबाहेर पाहिलं, एकदा चुलीकडं. मग सतरंजीवर बसल्या. "ठेव," म्हणाल्या. पहिला कप त्यांनी एका दमात संपवला. दुसरा स्वतःच पुढे केला, आणि तो संपल्यावर त्यांचा चेहरा असा खुलला, की बेबीनंदाला हसू आवरेना. द्वारकाबाईही हसल्या. म्हणाल्या, "सगळ्यांचा कापलेला पगार पुढल्या म्हयन्यापासून बराबर देतो म्हणले हे. आता तरी चल, देवानंद."

"पगार शाळेच्या कामाचा, बाई," देवानंद म्हणाला. "म्हशीचं येगळं बोला."

बोलणं झालं. दर महिन्याला धारेचे वेगळे पैसे, आणि ते द्वारकाबाईंच्या हातून. घासाघीस बेबीनंदानं केली. सगळं ठरल्यावर बाजेवरून भिवा म्हणाला, "अन् सुट्टी?"

"म्हशीला कसली सुट्टी, भिवाबाबा?"

"म्हशीला नसंल. माह्या पोराला चौदा एप्रिलची पायजे. जयंतीची."

"अन् त्या दिशी धार कोन काढीन?"

"देवाचा खाकी शर्ट न्या. मी गावाला गेल्तो की आमची म्हातारी माही बंडी घालून धारंला बसायची. म्हैस वासाला भुलती."

"मंग शर्टच देऊन टाका की," द्वारकाबाई पटकन म्हणाल्या.

"धुतला की वास गेला," बेबीनंदा म्हणाली. "एका दिवसापुरतंच जमतं ते."

एप्रिल आला. जुना सालगडी पाडव्याला साल संपवून निघून गेला होता. नव्यानं भिंगरीकडे एकदाच पाहिलं आणि हात जोडले. चौदा तारखेला संध्याकाळी मिरवणूक निघाली. पुढे ढोल, निळे झेंडे, गुलाल. देवानंद पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, शेजारी सत्यशीला, मागे बायकांच्या घोळक्यात बेबीनंदा. मिरवणूक अध्यक्षांच्या घरावरून वळली. गोठ्याचं कुंपण बुटकं होतं, रस्त्यावरून सगळं दिसायचं.

भिंगरीखाली पुंजाराम पाटील बसले होते, अंगात शाळेच्या शिपायाचा खाकी शर्ट. पोटावरची दोन बटणं लागत नव्हती. बादलीत फेस वर आला होता, आणि द्वारकाबाई भिंगरीची मान खाजवत होत्या. ढोल एकदम थांबला. अध्यक्षांनी वर पाहिलं आणि त्यांचे हात थांबले. भिंगरीनं एक पाय उचलला.

देवानंद कुंपणाशी गेला. "साहेब, हात थांबवू नका. चोरंल ती."

अध्यक्षांनी घाईघाईनं पुन्हा धार धरली. भिंगरीनं पाय खाली ठेवला. मग त्या खाकी शर्टाच्या आतलं पोट हलायला लागलं, आणि पुंजाराम पाटील खाली मान घालून हसत राहिले. मिरवणूकही हसली. त्या गलबल्यात भिवानं काठी नातीच्या हातात दिली, ढोलवाल्याला वाजव म्हणून खूण केली आणि त्याच्यापुढं जाऊन दोन्ही हात वर करून नाचायला लागला.