निळीचा सांधा

आधीच सांगतो, आमच्या घरात देवघर नाही, त्यामुळे भुताला जागा मिळण्याचा प्रश्नच नव्हता. लहानपणापासून विहारात ऐकत आलो ते एवढंच, की कुणी सांगितलं म्हणून मानायचं नाही, स्वतः तपासून बघायचं. आमच्या ग्रुपवर कुणी अमावस्येची गोष्ट टाकली की पहिला प्रश्न माझा — फोटो आहे का? मित्र मला 'पुरावा' म्हणूनच हाक मारतात. तर आज पुराव्यानं स्वतः लिहायला घेतलंय. हसा खुशाल...

मी नांदेडला राहतो, टाइल्सची कामं घेतो. हे काम मला माझ्या थोरल्या भावानं, प्रकाशदादानं शिकवलं. गाव आमचं मुदखेड, आई अजून तिथंच असते. बऱ्याच वर्षांपूर्वी दादा हैदराबादला कामाला जातो म्हणून हत्यारांची पिशवी खांद्याला अडकवून मुदखेड स्टेशनवर गाडीत बसला. तिकडं पोचलाच नाही. फोन बंद. पोलिसांत मिसिंग दिली, दवाखाने पालथे घातले, बेवारस प्रेतंसुद्धा बघून आलो. काही हाती लागलं नाही. त्याचं लग्न झालेलं नव्हतं, त्यामुळे वाट बघणारे आम्ही दोघंच, आई आणि मी.

पाहुणे म्हणायचे, आता तो गेला असं धरून पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम करून टाका, किती दिवस असं अधांतरी ठेवणार. मलाही तेच वाटायचं. खरं सांगू का, मी थकलो होतो. पण आईपुढं विषय काढला की ती भरल्या ताटावरून उठायची. माझं लेकरू जित्तं हाय, एवढंच म्हणायची.

आणि गेल्या उन्हाळ्याच्या तोंडाला लातूरचं काम आलं. औसा रोडला, शहराच्या बाहेर एक क्लब आहे, नाव सांगत नाही. त्यांचा स्विमिंग टँक पाणीटंचाईत कोरडा पडून होता. उन्हानं टाइल्स सुटल्या होत्या आणि सांध्यांतला माल पिठासारखा गळत होता. उन्हाळी शिबिराच्या आत सगळं दुरुस्त हवं होतं. मी हो म्हणालो. त्या टँकच्या टाइल्स मूळच्या दादानं बसवलेल्या.

आत उतरल्यावर त्याचा हात ओळखू आला. दादाची एक खोड होती. निळ्या टाइल्सच्या मधे पांढरी रेघ त्याला खपायची नाही, म्हणून व्हाइट सिमेंटमध्ये तो कपड्यांची नीळ कालवायचा. सुरुवातीला दिसायचं झकास, पण टँकच्या पाण्यात ती नीळ टिकत नाही, डाग पडतात आणि मालही कच्चा राहतो. यावरून मी त्याच्याशी किती भांडलो असेन! शिवाय सांधा तो स्पंजनं पुसायचा नाही, अंगठ्यानं ओढायचा. कधीतरी कटर मशिनमध्ये सापडून त्याच्या अंगठ्याचं नख वाकडं आलं होतं, त्यामुळे प्रत्येक सांध्यात एका बाजूला बारीक चरा उमटायचा. खोल बाजूच्या भिंतीवर जिथं जिथं माल शाबूत होता, तिथं तो चरा अजून तसाच होता.

दादाची म्हणून जगात राहिलेली ती एक खूण, आणि ती मीच पटाशीनं खरवडून काढत होतो. फार वाईट वाटलं.

सोबत नांदेडचे सलीमभाई होते. हल्ली टँकच्या सांध्यांत सिमेंटऐवजी इपॉक्सी भरतात, डब्यातून येतं ते. त्यामुळे साइटवर व्हाइट सिमेंट नव्हतंच, नीळ तर सोडाच. त्या दिवशी खोल बाजूचे सांधे आम्ही पूर्ण मोकळे केले, ब्लोअर मारून धूळ काढली आणि टँकच्या काठालाच कडुलिंबाखाली जेवणाचे डबे उघडले. आत उतरायच्या पायऱ्या आमच्या पुढ्यातच होत्या. कुणी उतरलं असतं तर आमच्या डब्यांना ओलांडूनच उतरलं असतं.

जेवून खाली गेलो तर कोपऱ्यातला हातभर सांधा भरलेला होता. निळा... ओला. आणि एका बाजूनं चरा.

सलीमभाईंनी बोटाला लावून बघितलं, वास घेतला. "ये अपना माल नहीं है, भाई," म्हणाले आणि वर जाऊन बसले. त्यांच्या कपाळावर घाम होता, पण तो उन्हाचाही असेल.

मी आधी नेहमीचं डोकं चालवलं. गेटवरचा कॅमेरा बघितला. आम्ही, पाण्याचा टँकर, मॅनेजर — बास. कुणी चेष्टा केली म्हणावी तर दादाचं नख लातुरात कुणाला ठाऊक? मग एकच अर्थ उरत होता — दादा जिवंत आहे आणि इथंच आहे! त्या विचारानं मी वेड्यासारखा शहरभर फिरलो. मजुरांच्या अड्ड्यावर, गंजगोलाईतल्या दुकानांत, एसटी स्टँडवर, सगळीकडं मोबाइलमधला त्याचा फोटो दाखवला. माणसं चांगली होती, निरखून बघायची आणि मान हलवायची.

दुसऱ्या दिवशी सांधा तसाच ओला. मी मुद्दाम दुकानातून व्हाइट सिमेंटची पुडी आणून शेजारी थोडं भरून बघितलं. उन्हानं ते बघता बघता दगड झालं. त्याच्या शेजारचं निळं मात्र बोट लावलं की लोण्यासारखं दबायचं.

आईला सांगावं का, हे मला ठरवता येईना. सांगितलं तर ती या आशेवर आयुष्य काढणार, कार्यक्रमाचं नाव कधीच घेऊ देणार नाही. न सांगावं तर लेकरू तिचं... शेवटी फोन केला. ती एसटीनं आली.

पदर खोचून ती पायऱ्या उतरली आणि टँकच्या उतारावरून सावकाश खोल बाजूला गेली. मी दाखवायच्या आधीच तिला दिसलं. तिनं त्या चऱ्यावर अंगठा ठेवला. अंगठा आत रुतला. मग ती भिंतीला टेकून खाली बसली.

मी बोलत सुटलो. ओला माल म्हणजे तो आत्ताच येऊन गेलाय, डोक्यावर परिणाम झाला असेल, घर आठवत नसेल पण हात विसरले नसतील, आपण पेपरात फोटो देऊ. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"जित्ता असता तर घरी आला असता बाबा," ती म्हणाली. "हौदात कशाला उतरला असता?"

मी मोबाइलमधला त्याचा फोटो तिच्यापुढं धरला, तो तिनं हातानं बाजूला केला.

"लई थकलं असंल लेकरू. आजून काम करून राहिलंय. सोड आता त्याला. कार्यक्रम धर."

ज्या कार्यक्रमासाठी मी इतकी वर्षं तिच्या मागं लागलो होतो, तो नको म्हणून मी तिथं तिचे पाय धरले. ती ऐकेना. वर जाऊन चहा घेतला आणि परत आलो, तर सांधा वाळून टणक झालेला. त्यात आईचा अंगठा उमटलेला. आई म्हणाली, काढ ते आणि तुझा माल भर. मी पटाशी धरली आणि परत खाली ठेवली. सलीमभाईंनी बिस्मिल्ला म्हणून ते काम केलं. पुढं टँक भरला, शिबिर झालं, पोरं तिथं रोज पोहतात म्हणे. मी परत गेलेलो नाही.

एका इंजिनिअर मित्राला विचारलं. तो म्हणाला, भिंतीमागून ओल आली असेल. नीळ कुठून आली म्हटल्यावर त्यानं विषय बदलला. फोटो आहे माझ्याकडं, पण त्यात एक निळी रेघ दिसते, बाकी काही नाही. तो दाखवून मी कुणाला काय पटवणार? मलाच अजून पटत नाही. आई म्हणते ते खरं असेल, नाहीतर दादा खरंच कुठंतरी असेल आणि आम्हीच त्याला मेलेला ठरवून बसलो असू... हे मला कोण सांगणार?

कार्यक्रम मुदखेडच्या विहारात झाला. वंदना झाल्यावर मला दोन शब्द बोलायला उभं केलं. आमच्यात गेलेल्या माणसाच्या नावाआधी 'कालकथित' म्हणतात. मी माईक घेतला, "माझे मोठे बंधू" म्हणालो आणि पुढचा शब्द तोंडातून फुटेना. मग पहिल्या रांगेतली आई उठली, तिनं माझ्या हातातून माईक घेतला आणि म्हणाली, "कालकथित प्रकाश."

तेवढंच बोलली. मग माझ्या दंडाला धरून तिनं मला खाली बसवलं.