हिरवा रंग उतरेपर्यंत

तो ट्रक आठवला की मला अजून हसू येतं आणि हसता हसता स्वतःची थोडी लाजही वाटते. तेव्हा मी उमरग्याकडच्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. साखर कारखान्यांचा हंगाम सुरू व्हायला जेमतेम दोन आठवडे उरले होते आणि ऊसवाहतुकीच्या गाड्यांची डागडुजी जोरात चालली होती.

सकाळची हजेरी चालू असताना खबऱ्याचा फोन आला. हायवेलगतच्या एका गॅरेजमध्ये लष्कराचा हिरवा ट्रक उभा आहे आणि त्याचा चेसिस नंबर घासून काढलाय, एवढंच तो बोलला. आमच्या हवालदारांना सुतावरून स्वर्ग गाठायची सवय. जीपमध्ये बसेपर्यंत त्यांनी तो ट्रक सीमेवरून चोरून आणला होता आणि गॅरेज येईपर्यंत त्यातली शस्त्रंही उतरवून घेतली होती. स्टेशन डायरीत नोंद करून, दोन पंच सोबत घेऊन आम्ही पोचलो.

गॅरेज एका वयस्कर मिस्त्रींचं होतं. ट्रक अर्धा सोललेला. ताडपत्रीच्या लोखंडी कमानी काढून ऊस भरायला उंच दांड्यांचा नवा हौदा बसवलेला, आणि पुढच्या चाकांना इंजिनाची ओढ देणारा दांडा डिझेल वाचावं म्हणून सोडवून बाजूला ठेवलेला. काम देखणं होतं, हे मी तेव्हाही मनात मान्य केलं. पण सांगाड्याच्या उजव्या बाजूला, जिथं साध्या ट्रकवर नंबर ठोकलेला असतो, तिथं ग्राइंडर मारलेलं ताजं लोखंड चकाकत होतं.

मिस्त्री म्हणाले, तिथं डिझेलचे कॅन अडकवायची चौकट होती, ती कापली आणि जागा साफ केली. मग नंबर कुठंय, असं मी विचारलं.

“साहेब, म्या बी आठ दिस तेच हुडकायलोय. रंगाचे थर बगा किती हायेत. घासून घासून हात गेले, सापडंना.”

गाडीमालक सास्तूरकडचे होते, लष्करात वीस वर्षं गाडी चालवून निवृत्त झालेले फौजी. लिलावात ट्रक घेतल्याची कागदपत्रं त्यांनी मुकाट्यानं समोर ठेवली. कागदावर नंबर होता. पण तो गाडीवर सापडत नाही तोवर ते कागद दुसऱ्या कुठल्याही गाडीचे असू शकतात. मी त्यांना ठाण्यात बोलावून घेतलं.

नाव, गाव, नोकरी, सगळ्याची उत्तरं त्यांनी ताठ बसून दिली. ट्रकवर नंबर कुठं असतो, असं विचारलं आणि गडी ढिम्म. “गाडीची माहिती मला बाहेर देता येत न्हाय. डेपोला लिवा,” एवढंच वाक्य. मी चहा पाजला, मग टेबलावर हात आपटला, मग पुन्हा चहा पाजला. ताकास तूर लागू देईनात. लष्कराच्या डेपोला पत्र तर मी पाठवलंच होतं, पण त्याचं उत्तर हंगामाआधी येणार नव्हतं. मी त्यांना स्पष्ट सांगितलं, नंबर जुळला नाही तर ट्रक जप्त होऊन आमच्या आवारात येईल. आमचं आवार मला माहीत होतं. तिथं आलेल्या गाडीचे आधी टायर बसतात, मग बॉनेटमधून बाभळ वर येते. ढोकीच्या कारखान्याशी झालेला वाहतुकीचा करारही दुसऱ्याला जाणार होता. फौजींच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तोंड उघडलं नाही. हा माणूस पक्का गुन्हेगार आहे, अशी माझी खात्री झाली.

दुपारी त्यांची बायको जेवणाचा डबा घेऊन आली. नवरा बोलत नाही म्हणून मी वैतागून तिच्याकडेच तक्रार केली. तिला काही नवल वाटलं नाही.

“साहेब, वीस वर्सं ह्यांनी मला बी कधी सांगितलं न्हाय, कुठं जातो, गाडीत काय हाय. गाडीवर त्यो हिरवा रंग हाय तवर तुमी डोकं फोडून घेतलं तरी ते बोलायचे न्हाईत.”

एवढं बोलून तिनं भाकरी वाढायला घेतली. मी स्वतःच्या खाकी बाहीकडे बघत बसलो. तो रंग खासगी गाडीला तसाही चालत नाही, नियमच आहे. मिस्त्री तो सगळ्यात शेवटी काढणार होते. मी म्हटलं, आधी काढू. पुरावा नासेल, अशी हवालदारांची भीती होती. मी पंचांना पुन्हा बोलावलं आणि मोबाईलवर चित्रण चालू ठेवायला लावलं.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी केबिन घासायला घेतली. फौजी बाजूला उभे होते, कशालाही हात लावला नाही. दारावरचा शेवटचा हिरवा पट्टा निघाला तेव्हा ते सावधान झाले, क्षणभर तसेच राहिले आणि मग माझ्याकडे आले.

“विचारा साहेब.”

मी विचारलं. ते डाव्या पुढच्या चाकाजवळ आडवे झाले आणि स्प्रिंगच्या पाट्यांच्या वर, सांगाड्यावरच्या रंगाच्या एका जाड थरावर त्यांनी बोट ठेवलं. मिस्त्रींनी हलक्या हातानं खरवडलं. एकेक आकडा वर येत गेला, हवालदार वाचत गेले, मी कागदाशी ताडत गेलो. सगळे जुळले. मिस्त्री तिथंच मातीत बसून हसायला लागले, कारण आठ दिवस ते बिचारे उजवी बाजू घासत होते.

मला मात्र राग आला. हेच काल का नाही सांगितलं, म्हणून मी आवाज चढवला.

“काल ती सरकारची हुती, साहेब. आज माझी हाय.”

पंचनामा करून मी प्रकरण बंद केलं. निळ्या रंगात तो ट्रक तपासणीला पास झाला आणि पहिल्या आठवड्यातच ऊस घेऊन ढोकीला गेला. जो गप्प बसतो तो काहीतरी लपवतो, हे मला नोकरीनं शिकवलं होतं. ते खोटं नाही. पण लपवणारा चोरच असतो, ही पुढची उडी माझी होती, आणि त्या उडीपायी एका इमानी माणसाची गाडी मी बाभळीच्या स्वाधीन करत होतो. नंतर कुणी चौकशीत गप्प बसलं की मी आधी त्याच्या घरच्यांना भेटायला लागलो.

या आठवणी लिहायला घेतल्यापासून मित्र विचारतात, ते फौजी कोण, मिस्त्री कुठले, खबर कुणी दिली. तिन्ही नावं मला पाठ आहेत. बायको म्हणते, आता सांगायला काय हरकत आहे, निवृत्त झालात की. मी विषय बदलतो. त्या फौजींचा रंग एका दुपारी उतरला. माझा अजून उतरायचा आहे.