केसपेपरवरची फरश्यांची थप्पी

रामदास वानखडे, वय अडतीस, धंदा फरशी फिटर, मूळचा यवतमाळकडचा, राहणार वारजे. दिवाळीनंतरचा दुसरा मंगळवार, सकाळी सव्वाआठ. सर्व्हिस रोडने कामावर निघालेल्या या माणसाच्या मोटारसायकलला मुरूम भरलेल्या डंपरने डावीकडे वळताना आडवं पाडलं. मागचं चाक उजव्या गुडघ्यावरून गेलं. त्या वेळेला त्या रस्त्यावर जड वाहनांना बंदी होती. चालवणाऱ्याकडे जड वाहनाचं लायसन्स नव्हतं. रामदासच्या डोक्यावर हेल्मेट होतं आणि तो आपल्या बाजूने चालला होता. चूक कोणाची, हे सांगायला वकील लागू नये.

तरीही त्याला नुकसानभरपाईचा एक रुपया मिळालेला नाही. कसा मिळाला नाही ते सांगतो. त्यात माझाही वाटा आहे.

रस्ते अपघातातल्या जखमींना मदत करणाऱ्या एका छोट्या संघटनेत मी काम करतो. सिग्नलवर पत्रकं वाटायची, पोलीस चौकीच्या खेपा घालायच्या, दाव्याचे कागद गोळा करायचे, हे माझं काम. कोर्टात उभ्या राहतात त्या आमच्या वकील, देवधर मॅडम. ऑफिस कसबा पेठेत, एका झेरॉक्सच्या दुकानावर. जिना इतका अरुंद, की कुबड्या घेतलेला माणूस वर येऊच शकत नाही. रामदास खाली दुकानातच बसला आणि आम्ही खाली उतरलो. सोबत त्याची बायको शालू होती. अपघाताला चार महिने होऊन गेले होते.

देवधर मॅडमनी कागद चाळले. "पोलिसांत तक्रार?"

"नाही केली," रामदास म्हणाला.

"चार महिने काय, मुहूर्त बघत होता?"

शालू पुढे झाली. "आण्णा म्हणत होते ना बाई, मी सारं करतो, केस नका करू. आमी थांबलो."

हे आण्णा म्हणजे त्यांचे घरमालक. डंपरही आण्णांचाच. गाव शहरात आलं, शेताचे प्लॉट पडले. आलेल्या पैशांत आण्णांनी चार डंपर घेतले आणि घरामागे पत्र्याच्या बारा खोल्या बांधल्या. त्यातल्या एकीत रामदासचा संसार. म्हणजे ज्याच्या चाकाखाली पाय गेला, त्याच्याच छपराखाली तो चार महिने झोपत होता. आण्णांनी दवाखान्यात पहिलं डिपॉझिट भरलं. शहाळी आणली. तिसऱ्या महिन्यात फोन उचलणं बंद केलं. चौथ्या महिन्यात निरोप आला, खोली मोकळी करा, पाहुणे येणार आहेत.

कायद्यात दाव्याच्या अर्जाला सहा महिन्यांची मुदत लिहिली आहे. आम्ही आधी पोलीस तक्रार नोंदवली, मग शिवाजीनगरला मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज टाकला. हे नाव लांबलचक आहे, काम सरळ आहे. डंपर, ट्रक, बस, कशानेही उडवलं तर भरपाई किती आणि कोणी द्यायची, हे तिथले न्यायाधीश ठरवतात.

तक्रारीनंतर मी आण्णांना भेटलो. वाटलं, माणूस घाबरलाय, समजावून सांगू.

"आण्णा, डंपरचा इन्शुरन्स चालू आहे. पैसे कंपनी देईल. तुम्ही फक्त खरं सांगा."

आण्णा हसले. "तुमी शिकलेली पोरं लय हुशार. कंपनी देनार, आन् मंग माझ्याच मानेवर बसून वसूल करनार. मला म्हाईत न्हाई व्हय? डायवरला लायसन न्हाई, टाइम बंदीचा. आमचा डंपर त्या दिवशी खडकवासल्याकडं व्हता. इचारा कुनालाबी."

कायदा आण्णांना माझ्याइतकाच पाठ होता. ड्रायव्हरकडे योग्य लायसन्स नसेल तर कोर्ट बहुतेक वेळा विमा कंपनीला सांगतं, आधी जखमीला पैसे द्या, नंतर गाडीमालकाकडून वसूल करा. म्हणून आण्णांना डंपर त्या रस्त्यावर नकोच होता.

मी फाइल करायला बसलो. भरपाई कशाकशावर ठरते, हे लोकांना माहीत नसतं. वय किती, कमाई किती, अपंगत्व किती, चूक कोणाची. रामदासकडे पगाराची स्लिप कुठली? मी त्याच्या मोबाइलमधून ठेकेदारांकडून आलेले पैसे शोधून काढले, तीन ठेकेदारांकडून पत्रं आणली. सरकारी दवाखान्याने अपंगत्व चाळीस टक्के दिलं. तेवढं एका पायाचं. ऑफिसात बसणाऱ्याचा गुडघा वाकेनासा झाला तर तो खुर्ची उंच करून घेईल. फरशी फिटर दिवसभर गुडघ्यांवर असतो. त्याच्यापुरतं ते अपंगत्व शंभर टक्के आहे, आणि कोर्टाने माणसाचं काम बघूनच ते ठरवायचं असतं. मी रामदासचा व्हिडिओ काढला: तो खाली बसायचा प्रयत्न करतो आणि भिंत धरतो. फाइल पाहून देवधर मॅडम म्हणाल्या, "बरी आहे." त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे सत्कारच.

आता माझी चूक. दवाखान्यातून सोडताना डिस्चार्ज कार्ड देतात. त्यात कुठलं हाड मोडलं, कोणतं ऑपरेशन केलं, हे असतं. पण दाखल केल्यापासूनचा जाड गठ्ठा, ज्याला केसपेपर म्हणतात, तो दवाखान्याकडे राहतो. त्याच्या पहिल्या पानावर एक ओळ असते: इजा कशी झाली. ती ओळ पेशंट किंवा सोबतचं माणूस सांगतं आणि डॉक्टर लिहून घेतो. मी कार्ड घेतलं. केसपेपरसाठी खिडकीवरचा क्लार्क म्हणाला, अर्ज द्या, आठ दिवसांनी या. मी म्हटलं, राहू दे, कार्ड आहे ना.

शालूची साक्ष निघाली, त्या दिवशी विमा कंपनीच्या वकिलांकडे तो गठ्ठा होता. त्यांनी तो कोर्टामार्फत मागवला होता. मवाळ आवाजाचे गृहस्थ. आपण, आपण करत बोलायचे.

"ताई, आपण मिस्टरांना दवाखान्यात दाखल केलंत तेव्हा डॉक्टरांना आपणच माहिती दिली ना?"

"हो साहेब."

"मग इथे लिहिलंय ते ऐका. साइटवर काम करताना फरश्यांची थप्पी पायावर पडली. माहिती देणार, पत्नी. खाली सही आपलीच आहे का?"

मी देवधर मॅडमकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

शालूने कागद हातात घेतला. सहीवर बोट ठेवलं. "सही माहीच हाये."

"म्हणजे डंपर नव्हता."

"होता साहेब. आण्णांनं सांगतलं होतं, थप्पी पडली म्हून सांग. डंपर सांगतला तं पोलीस केस होते, दवाखान्यावाले दाखल नाही करून घेत. पैसे मी भरतो म्हणे. मानूस रगतात पडलेला, मी काय करतो?"

"मग तेव्हा खोटं बोललात, की आज बोलताय?"

"तवा खोटं बोलली. आज खरं बोलून राह्यली."

वकील साहेबांनी मान हलवली आणि बसले. पुढे विचारायची गरजच नव्हती. देवधर मॅडमनी उठून आण्णांच्या दबावाबद्दल विचारलं, शालूने सगळं सांगितलं. न्यायाधीशांनी विचारलं, "याला काही पुरावा? पैसे भरल्याची पावती?" पावती होती. रामदासच्याच नावाची. आण्णांनी डिपॉझिट रोख भरलं होतं.

खरं सांगायचं तर अपघाताचा पेशंट पोलिसांची वाट न पाहता दाखल करून घेणं दवाखान्याला बंधनकारक आहे. आण्णांनी सांगितलेलं साफ खोटं होतं. पण वस्तीत सगळे तेच खरं धरतात. आणि ज्याने खोली दिली, ज्याच्या हातात त्या क्षणी नोटा आहेत, त्याला शालू काय म्हणणार होती?

बाहेर व्हरांड्यात ती मला म्हणाली, "दादा, एवढं ते लिहून ठेवतात? मले तं आठवतही नव्हतं."

देवधर मॅडम काळा कोट काढत म्हणाल्या, "पत्रकावर तुम्ही काय छापता? कागद जपून ठेवा. छान. आता स्वतः एकदा वाचा."

निकाल तीन महिन्यांनी आला. तक्रार चार महिने उशिरा. पहिल्याच कागदावर इजेचं कारण वेगळं, आणि अर्जदाराच्या धंद्याशी जुळणारं. स्वतंत्र साक्षीदार नाही. डंपरचा संबंध सिद्ध होत नाही. अर्ज फेटाळला. ठेकेदारांची पत्रं, व्हिडिओ, चाळीस टक्के की शंभर, वय अडतीस, पुढे किती वर्षं कमावला असता, हे काही विचारात घ्यायची वेळच आली नाही. किती द्यायचं हा प्रश्न द्यायचं का याच्या नंतर येतो. मी माझी सगळी मेहनत दुसऱ्या प्रश्नावर केली होती.

आम्ही हायकोर्टात अपील केलंय. ते कधी बोर्डावर, म्हणजे सुनावणीच्या यादीत, येईल हे कोणी सांगत नाही. वानखडे कुटुंबाने ती खोली सोडली. शालू आधी दोन घरची धुणीभांडी करायची, आता पाच घरची करते. रामदासचे जुने जोडीदार अवघड खोली आली की त्याला व्हिडिओ कॉल करतात. तो पलंगावर बसून सांगतो, दाराकडून सुरुवात कर, कटिंगचे तुकडे तिकडच्या कोपऱ्यात जाऊ देत. खोली देखणी होते. पैसे त्यांना मिळतात, त्याला "वा भाऊ" मिळतं. मागच्या आठवड्यात मी गेलो तेव्हा तो असाच एकाला सांगत होता. फोन ठेवून मला म्हणाला, "डोक्याले काही नाही झालं साहेब. डोक्याचे पैसे कोनी देत नाही."

यातून आमच्या ऑफिसने एक नियम केला. केसपेपरचं पहिलं पान हातात आल्याशिवाय अर्ज लिहायचा नाही. चूक असेल तर लगेच डॉक्टरांकडे लेखी दुरुस्ती मागायची, पोलिसांना त्याच आठवड्यात जबाब द्यायचा. एवढं शिकायला एका माणसाचा दावा खर्ची पडला. स्वस्त पडलं असं मी म्हणणार नाही.

पण एक गोष्ट नियमाने सुटत नाही. निकालात शब्द आहेत, स्वतंत्र साक्षीदार नाही. सकाळी सव्वाआठला वारज्यात साक्षीदार नाही? कंपन्यांच्या बसेस, शाळेच्या व्हॅन, रस्ता गच्च. रामदासला आठवतं, एकाने डंपरखालून त्याला ओढलं, एका बाईंनी ओढणी फाडून मांडी आवळली, गळ्यात ऑफिसचं कार्ड असलेल्या एका मुलाने रिक्षा थांबवली. चहाच्या टपरीवाल्याने सगळं पाहिलं, पण टपरीची जागा आण्णांची. बाकीच्यांची जागा आण्णांची नव्हती. ते आपले कामावर गेले.

म्हणून आता तुम्हाला सांगतो. तुम्ही माणुसकी दाखवता, याबद्दल माझी तक्रार नाही. मदत करणाऱ्याला पोलीस अडकवू शकत नाहीत, साक्षीची सक्ती करू शकत नाहीत, असं कायदा म्हणतो. बरोबरच आहे. म्हणूनच हे तुमच्याकडे मागावं लागतं. रक्त पुसून झालं की निघू नका. गाडीचा नंबर लिहा. दवाखान्यात डॉक्टरला काय सांगितलं जातंय ते कान देऊन ऐका, आणि खोटं असेल तर तिथेच मोठ्याने बोला. मग एका कागदावर आपलं नाव आणि फोन नंबर लिहून जखमीच्या बायकोच्या हातात द्या. ऑफिसला अर्धा तास उशीर होईल. होऊ द्या.